शब्द विरुद्ध सूर

शब्दांवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशा मंडळींत वकिलांचा क्रमांक बराच वरचा लागेल. एका स्वल्पविरामाने शेत हातचे जाते आणि एका ‘किंवा’ने घर वाचते, हे आम्ही गेली वीस वर्षे पाहत आलो आहो. त्यामुळे शब्द कोणता, तो कोणी उच्चारला आणि त्याचा अर्थ काय लावावयाचा, यापलीकडेही जगात काही असते याचा आम्हांस सहसा विसर पडलेला असतो. हा विसर एकदा न्यायालयातून उठून आमच्याबरोबर थेट देवळाच्या चौकात आला. त्याचे प्रायश्चित्त म्हणून ही हकीकत लिहीत आहो.

आमच्या देवस्थानात पालखीच्या दिवशी भजन होते. गाणारा गवई तरुण, शास्त्रोक्त शिकलेला, गुरुगृही राहून आलेला. अभंगाचा पहिला चरण उचलला की तो त्यातल्या एखाद्या अक्षरावर असा काही रेंगाळे की ऐकणाऱ्याने टाळ धरलेला हात तसाच ठेवावा. परंतु आमच्या महाजनांपैकी एका वयोवृद्ध काकांना हे रुचेना. त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती. दळताकांडताना ती जे अभंग म्हणे तेच तिचे वेद व तीच तिची गीता, आणि काकांचे सारे धर्मशिक्षण त्या शब्दांवर झालेले. समितीच्या बैठकीत ते एवढेच म्हणाले, “म्हाका उतरां जाय.” मला शब्द हवेत. तानांत शब्द बुडतात आणि देवापुढे उरतो तो गवयाचा गळा, ही त्यांची फिर्याद.

वकील म्हणून नियम करण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. आम्ही मोठ्या तत्परतेने पाच कलमे लिहिली. प्रत्येक चरण प्रथम तानेवाचून स्पष्ट म्हणावा, शब्दाच्या मध्यावर आलाप घेऊ नये, इत्यादी. ठराव एकमताने संमत झाला. गवयाने वाद घातला नाही. पुढच्या पालखीला तो आलाच नाही. त्या रात्री भजन झाले, शब्द स्वच्छ ऐकू आले, आणि चौक नेहमीपेक्षा लवकर रिकामा झाला. दुसऱ्या अभंगानंतर उठून गेलेल्यांत काकाही होते, हे आम्ही पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

ज्यांच्या हाताखाली आम्ही वकिली शिकलो ते ज्येष्ठ वकील ख्रिस्ती. आठवडाभर दिवाणी दावे चालवावेत आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीतला कंठ भरावा, हा त्यांचा नेम. त्यांना आम्ही आमची पाच कलमे काहीशा अभिमानाने वाचून दाखविली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “कलमे नीट आहेत. पण नजीर पाहिली नाही. हा खटला साडेचारशे वर्षांपूर्वी चालून गेला आहे.” मग त्यांनी काही पुस्तके आमच्या हाती ठेवली, आणि पुढील कित्येक संध्याकाळी त्यांच्या घरी बसून आम्ही ते जुने गायन ऐकले. सुज्ञ वाचकांपुढे त्या खटल्याचे कागद ठेवण्यापूर्वी त्यातील काही परिभाषा सांगणे भाग आहे. कारण व्याख्येवाचून वाद म्हणजे हद्दीवाचून शेत.

युरोपच्या प्रबोधनकाळातले, म्हणजे ढोबळ मानाने १४५० ते १६०० या दीड शतकातले, हे संगीत. त्याच्या पूर्वी चर्चमध्ये शतकानुशतके जे गायन चालत आले ते एककंठी होते. कितीही माणसे गात असली तरी सुरावट एकच, साथ नाही, ताल नाही. आपल्याकडील सस्वर मंत्रपठणाची आठवण व्हावी असे. पुढे या एका सुरावटीभोवती दुसरी, तिसरी, चौथी सुरावट गुंफण्याची कला वाढली. हीच पॉलिफनी, म्हणजे अनेककंठी गायन. यातल्या एका कंठाला ‘टेनोर’ म्हणत. लॅटिनमध्ये ‘धरून ठेवणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे त्यापासून हा शब्द आला. मूळची पवित्र चाल लांब लांब स्वरांत धरून ठेवणे हे त्याचे काम; आणि अशा धरून ठेवलेल्या चालीला ‘कान्तुस फिर्मुस’, म्हणजे स्थिर गीत, हे नाव. आमच्या डोळ्यांपुढे तंबोरा आला. पण तंबोरा एका जागी बसलेला असतो, आणि हे स्थिर गीत मंद पावलांनी का होईना चालत असते.

ही चाल नेहमी पवित्रच असे असेही नाही. ‘लोम आर्मे’, म्हणजे ‘शस्त्रधारी पुरुष’, या नावाचे एक लौकिक गाणे त्या काळी लोकांच्या तोंडी होते. त्या एका चालीवर निरनिराळ्या रचनाकारांनी चाळिसांहून अधिक उपासना रचल्या. नाटकातल्या पदाच्या चालीवर अभंग बसविला म्हणून आपल्याकडे जो कपाळाला आठ्या घालतो, त्याचा सगोत्र तिकडेही होताच.

स्थिर गीतापुढची पायरी ‘अनुकरणा’ची. एका कंठाने ओळ उचलावी, ती संपण्याच्या आत दुसऱ्याने तीच ओळ वेगळ्या पट्टीत उचलावी, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. आपल्या भजनात बुवांनी टाकलेली ओळ मागचे टाळकरी झेलतात, पण ते झेलीत असता बुवा थांबतात. इथे कोणीच थांबत नाही. गायकांपुढे सर्व कंठ एकाखाली एक मांडलेला कागदही नसे. प्रत्येकाची ओळ वेगळी, कधी स्वतंत्र वहीत, कधी मोठ्या पोथीच्या पानावर स्वतंत्र कोपऱ्यात. प्रत्येक साक्षीदाराला आपलीच जबानी ठाऊक, आणि सत्य मात्र सर्वांच्या जबान्या मिळून. हे आम्हांस फार आवडले.

परंतु नेमकी इथेच फिर्यादीला जागा झाली. चार कंठ चार वेळी एकच वाक्य म्हणू लागले की एकाचा आरंभ दुसऱ्याच्या शेवटावर पडतो, आणि श्रोत्याच्या कानी येतो तो नुसता स्वरांचा दरवळ. गंमत अशी की चर्चमधील यासारख्या सुट्या पदाला ‘मोटेट’ म्हणतात, आणि हे नाव फ्रेंच भाषेतील ‘शब्द’ या अर्थाच्या शब्दावरून पडलेले आहे. ज्याचे नावच शब्द, त्यातून शब्द हरवावा! इरॅस्मससारख्या पंडितानेही सोळाव्या शतकाच्या आरंभी ही तक्रार केली होती. आमच्या काकांना भेटले असते तर त्या दोघांचे चांगले जमले असते.

आता खटला. १५५५ साली एप्रिलमध्ये दुसरे मार्चेल्लुस हे पोप झाले. त्यांची कारकीर्द अवघी तीन आठवड्यांची. पण गादीवर आल्यावर दोनतीन दिवसांतच गुड फ्रायडे आला. त्या शोकदिनीचे गायन त्यांना प्रसंगास अनुचित वाटले. त्यांनी गायकांना बोलावून बजावले की प्रसंगाला साजेल असे गा, आणि शब्द ऐकू येतील व कळतील असे गा. त्या गायकांत पालेस्त्रिना हा तिशीतला गृहस्थ होता. पुढे त्याच वर्षी नव्या पोपने, विवाहित माणूस या गायकवर्गात नको म्हणून, त्याला दोघा सहकाऱ्यांसह निवृत्तिवेतन देऊन कामावरून दूर केले.

यानंतर ट्रेंटची धर्मपरिषद. ही १५४५ पासून १५६३ पर्यंत थांबत थांबत भरली. १५६२ च्या सप्टेंबरात संगीताचा विषय निघाला. प्रथम जो मसुदा पुढे आला त्यात शब्द सर्वांना स्पष्ट कळलेच पाहिजेत, गायन कानाच्या पोकळ सुखासाठी नसावे, अशी तपशीलवार भाषा होती. हा मसुदा वाचताना आम्हांस आमचीच कलमे वाचीत असल्याचा भास झाला. परंतु १७ सप्टेंबरला जो निर्णय संमत झाला त्यात ते सारे गळून गेले होते. उरले ते एवढेच, की ऑर्गन असो वा गायन, ज्यात कामुक किंवा अशुद्ध असे काही मिसळले असेल ते संगीत चर्चच्या बाहेर ठेवावे. पुढच्या वर्षी बाकीचा तपशील ठरविण्याचे काम त्या त्या प्रांताच्या परिषदांकडे सोपविण्यात आले. ज्यांना नियम करण्याचा एवढा अधिकार होता ते स्वरांच्या बाबतीत दोन वाक्यांवर थांबले.

सर्व बाबतींत ते तसे थांबले नाहीत. हे लिहिताना एक गोष्ट मनाला सलते, ती न सांगणे लबाडी होईल. ट्रेंटचे निर्णय अमलात आणण्यासाठी गोव्यात पहिली प्रांतिक परिषद भरली ती १५६७ साली, आणि तिने हिंदूंच्या आचारांवर जी बंधने घालावयास सांगितली ती संगीताइतकी सौम्य नव्हती. त्याच वर्षी सासष्टीतील देवळे मोडली गेली. त्या दशकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. नदीच्या पलीकडे, तेव्हाच्या आदिलशाही मुलखात. आणि ज्या रचनेविषयी आम्ही लिहिणार आहो ती ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ रोममध्ये छापून निघाली तीही १५६७ सालीच. ती प्रथम ऐकली तेव्हा हे साल आमच्या डोळ्यांपुढून हलेना. ते आम्ही ज्येष्ठांना बोलून दाखविले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझे पूर्वज अलीकडे राहिले, तुमचे पलीकडे गेले. त्यापूर्वी ते एकाच चौकात बसत असतील. हे गाणे आम्हांला नंतर मिळाले.” यावर उलटतपासणी करण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. गाणे निर्मळ म्हणून इतिहास पुसला जात नाही, आणि इतिहास कडू म्हणून ते गाणे खोटे ठरत नाही. दोन्ही नोंदी एकाच सालच्या आहेत, आणि दोन्ही आम्हांस वाचता आल्या पाहिजेत, इतकेच आम्ही मनाशी ठरविले.

या रचनेभोवती एक आख्यायिका आहे. ट्रेंटमध्ये अनेककंठी गायनावर बंदी येणार होती, तेव्हा पालेस्त्रिनाने ही उपासना रचून धर्मगुरूंपुढे गाऊन दाखविली आणि संगीताचा प्राण वाचविला, अशी. कथा इतकी सुंदर की तिच्यावर १९१७ साली एका जर्मन रचनाकाराने संगीत नाटक केले. परंतु साक्षीचा कायदा सुंदर कथांच्या बाबतीत फार अरसिक असतो. ही कथा प्रथम लेखी आढळते ती १६०७ साली, म्हणजे परिषदेनंतर चव्वेचाळीस आणि पालेस्त्रिनाच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. आणि तीही साथीच्या वादनाविषयीच्या एका पुस्तिकेत, जाता जाता. तिला भरभक्कम रूप दिले १८२८ साली पालेस्त्रिनाचे चरित्र लिहिणाऱ्या बाइनी यांनी. हा सारा ऐकीव पुरावा. परिषदेपुढे प्रत्यक्ष गायिल्या गेलेल्या अनेककंठी प्रार्थना १५६२ साली छापल्या गेल्या, त्या याकोबुस द केर्ले याच्या. त्यात शब्द कळत होते. निष्ठुर न्यायाने पाहता संगीताच्या बाजूचा पहिला साक्षीदार तोच, पण त्याच्यावर नाटक कोणी लिहिले नाही.

मात्र एक घटना कागदोपत्री आहे. परिषद संपल्यावर नेमलेल्या कार्डिनलांच्या मंडळात बोरोमेओ व वितेल्ली हे दोघे होते. २८ एप्रिल १५६५ रोजी पोपचे गायक वितेल्ली यांच्या घरी जमले आणि त्यांनी काही उपासना गाऊन दाखविल्या, शब्द कळतात की नाही हे पाहण्यासाठी. कोणत्या रचना गायिल्या ते गायकांच्या रोजनिशीत नाही. पण या नोंदीपुढे आम्ही फार वेळ थांबलो. अधिकारी पुरुष नियम न लिहिता एका खोलीत बसतात आणि ऐकतात! पाच कलमे लिहिण्यापूर्वी आम्ही गवयाला एकदाही समोर बसवून ऐकले नव्हते.

बोरोमेओ यांनी पुढे मिलानमध्ये रुफो या रचनाकाराकडून शब्द पूर्ण कळतील अशा उपासना मुद्दाम करवून घेतल्या. त्या १५७० साली छापल्या. तीत बहुतेक सर्व कंठ एकाच वेळी एकच अक्षर उच्चारतात. आज्ञेचे तंतोतंत पालन झाले. आणि आज रुफोचे नाव अभ्यासकांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाही.

पालेस्त्रिनाने केले ते निराळे. गोव्यातले ख्रिस्ती बांधव जिला ‘मीस’ म्हणतात त्या उपासनेत नेहमीचे गेय भाग पाच: किरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि आग्नुस देई. यांपैकी ग्लोरिया हे लांब स्तोत्र, आणि क्रेदो म्हणजे श्रद्धेचे प्रतिज्ञापत्र, तेही लांब, त्यातला प्रत्येक शब्द मोजून घातलेला. उलट किरिए म्हणजे दयेची याचना. तीन-चार शब्द, पुन्हा पुन्हा. सहा कंठांच्या या रचनेत पालेस्त्रिनाने लांब भागांत बहुतांशी सर्व कंठांना एकत्र पावले टाकावयास लावली. शब्द उमटतात ते दगडावर कोरल्यासारखे. आणि कंटाळा येऊ नये म्हणून सहांपैकी कधी हे चार, कधी ते तीन असे गट पाळीपाळीने बोलतात. जिथे शब्द थोडे आणि सर्वांच्या ओठावरचे, त्या किरिएत मात्र एक कंठ दुसऱ्याच्या पाठोपाठ निघतो आणि स्वर हवे तेवढे पसरतात. ज्याला शब्दाची गरज आहे तिथे शब्द दिला. जिथे शब्द अगोदरच हृदयात आहे तिथे सुराला वाट दिली. आमच्या पाच कलमांत हा विवेक कुठेच नव्हता. आख्यान सांगताना शब्द झाकणे हा अन्याय, पण नामघोषातही आलापाला मनाई करणे हा दुसरा अन्याय, हे आम्हांस रोमच्या त्या किरिएने शिकविले.

तरीही मनातला वकील म्हणे की देवापुढे शब्दच मुख्य. त्याचे तोंड बंद केले व्हेनिसने. तेथील सान मार्कोच्या मंदिरात समोरासमोर उंच सज्जे आहेत. तिथे वृंद विभागून बसवीत व त्यांची प्रश्नोत्तरे चालत. ‘आ कापेल्ला’ म्हणजे चर्चच्या रीतीचे. पुढे त्याचा अर्थ वाद्यांवाचून गाणे असा रूढ झाला. पोपच्या खासगी मंदिरात रीत तशीच होती, पण व्हेनिसमध्ये वाद्ये उपासनेत उघड बसत. वाद्यांनी प्रथम कंठाचेच बोट धरले. ‘कान्झोना’ म्हणजे मुळात गाणे. पुढे ‘वाजविण्याचे गाणे’ असा प्रकार झाला. ‘रिचेर्कार’ म्हणजे शोध. आलापीत गवई राग शोधतो त्या जातीचा. ‘तोक्काता’ म्हणजे स्पर्श, पट्ट्यांवर फिरणाऱ्या बोटांचा. आणि ‘सोनाता’ म्हणजे केवळ ‘वाजविलेले’. १५९७ साली जोव्हान्नी गाब्रिएली याने आपल्या ‘साक्रे सिम्फोनिए’ या ग्रंथात मंद व तीव्र आवाजाची सोनाता छापली. चार-चार वाद्यांचे दोन ताफे. कोणते वाद्य कोणी वाजवावे आणि कुठे हळू, कुठे जोरात, हे छापून सांगणाऱ्या अगदी आरंभीच्या रचनांपैकी ती एक. तीत शब्द एकही नाही. आणि तरी संग्रहाचे नाव ‘पवित्र’!

ही सोनाता ऐकून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात सनई-चौघडा सुरू झाला, आणि आम्ही अंथरुणात उठून बसलो. जन्मापासून ऐकत आलेला हा नाद. त्यात अक्षर नाही, अर्थ नाही. तरी देवाला जागविण्याचा पहिला मान त्याचा, आणि आजवर कोणत्याही महाजनाने सनईतले शब्द कळत नाहीत अशी तक्रार केलेली नाही. काकांनीही नाही. आमचा दावा आमच्याच नगारखान्यात फेटाळला गेला होता.

गवयाच्या घरी जाण्यास धीर गोळा करावा लागला. चूक आमची होती असे आम्ही त्याला सरळ सांगितले. तो म्हणाला, “वकीलबाब, तुमचे नियम वाईट नव्हते. मला कोणी विचारले नाही, एवढेच.” मग एका दुपारी, देऊळ शांत असता, सभामंडपात आम्ही चौघे बसलो: काका, गवई, तबलजी आणि निमूटपणे आम्ही. आमचे ते वितेल्लीचे घर. गवयाने अभंग घेतला. चरण त्याने साधेपणाने, जवळ जवळ बोलल्यासारखे म्हटले, आणि शेवटी नाम आले तेव्हा सूर सोडला. तो किती वेळ सुटलेला होता ते आम्ही मोजले नाही. काका डोळे मिटून होते. सर्व थांबल्यावर ते म्हणाले, “उतरां आयकलीं.” शब्द ऐकले. आणि काही वेळाने, गवयाकडे न पाहता, “आनीक एक म्हण.”

पुढच्या बैठकीत पाच कलमे रद्द झाली. त्यांच्या जागी एकच वाक्य आले: भजनाविषयी शंका निघाल्यास गाणाऱ्याने व ऐकणाऱ्याने समोरासमोर बसून ती मिटवावी. ठराववहीत दोन्ही पाने शेजारीशेजारी आहेत आणि दोन्हींखाली सही आमचीच आहे. कोणी नजीर विचारलीच तर आम्ही दोन्ही दाखवितो.